ओला बेल्ट, लहान पुली

उजव्या हाताचा अंगठा संधिवातानं आखडला आणि बेल्टचा ताण मला कळेनासा झाला. आता गॅरेजातला पोरगा बेल्ट दाबतो. किती जातो म्हणून विचारलं की म्हणतो, "बरोबर हाय जी भाऊ." त्याचं बरोबर मला पटत नाही, पण ताडून बघायला अंगठाच उरलेला नाही.

सूरजागडच्या रस्त्याला आता खनिजाचे ट्रक आहेत. तरी एटापल्ली-भामरागडकडच्या पेट्रोलवाल्या जुन्या महिंद्रा जीप माझ्याकडेच येतात. 1947 पासून महिंद्रानं विलीजच्या जीप जुळवायला घेतल्या, त्या घराण्यातल्या. डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवून द्या, एवढंच गिऱ्हाइकाचं मागणं. मारुतीचा बसतो, हे सगळ्यांना ठाऊक. कटआउट, दिव्याची वायर, ब्रॅकेटमागचं पॅकिंग यात सांगण्यासारखं काही नाही.

घोडं अडतं पुलीवर.

इथल्या जंगलात जीप पळत नाही, रांगते. पहिला-दुसरा गिअर, हेडलाइट चालू, पावसात वायपरही. दोन हेडलाइटच 9-10 अँपिअर खातात. अल्टरनेटरच्या पट्टीवरचा आकडा तो 6000 फेऱ्यांनी फिरत असतानाचा असतो. इंजिन 700 वर घुटमळत असेल आणि पुली क्रँकच्या निम्मी असेल, तर अल्टरनेटरला मिळतात 1400. तिथं तो जेमतेम जागा होतो. दुकानदार जास्त अँपिअरचा माल दाखवतो, पण मला हवा कमी फेऱ्यांत लवकर भरणारा.

मग पुली लहान करावी? केली की बेल्टची मिठी कमी होते. नाल्यात पाणी उडालं की बेल्ट चिरकतो, चार्जिंगचा दिवा पेटतो. ताण वाढवावा तर याच बेल्टवर वॉटर पंप, त्याचं बेअरिंग जातं. मारुतीची मूळ पुली अरुंद, जीपचा रुंद बेल्ट तिच्यात तरंगतो. म्हणून चंद्रपूरच्या लेथवाल्याकडून नवी कातून घ्यावी लागते. बेल्टनं खाचेच्या दोन्ही भिंतींना धरलं पाहिजे, तळाला टेकता कामा नये.

त्यात ही लाल धूळ. सूरजागडचं खनिज हेमॅटाइट. दागिन्यांना झिलई द्यायला वापरतात ते लाल रूजही त्याच जातीचं, आयर्न ऑक्साइडच. बेल्टसोबत ती धूळ खाचेत फिरते आणि पुलीच्या भिंती लख्ख घासून काढते. जुनी पुली खोलली की आतून नव्या भांड्यासारखी चमकते. बघणाऱ्याला ती छान वाटते, मला धडकी भरते: भिंती झिजल्या की बेल्ट तळाला टेकतो.

पुण्या-मुंबईकडचे हौशी लोक जीप सजवतात, मोठा अल्टरनेटर लावून बंपरवर दिव्यांची रांग बसवतात. त्यांच्या जीपला रात्रभर रांगायचं नसतं. आणि वायंडिंग केलेल्या जुन्या मालाला रंग मारून नवा म्हणून विकणारे, त्यांच्याबद्दल बोलायला लागलो की माझा आवाज चढतो. आता गॅरेजं अख्खं युनिट बदलतात, पुलीकडे कुणी बघतही नाही.

गर्व मला आहे. आलापल्लीच्या चौकात कुणी बॉनेट उघडून "हे त्यांनी बसवलेलं" म्हणतं, तेव्हा काम नसलं तरी मी तिथून जातो. ते नाव पोराच्या अंगठ्यावर सोडायला जीव धजत नाही.

सध्या एक जीप उभी आहे. पोराला सांगितलं, दिवे लाव, बेल्टवर मगभर पाणी ओत, मग कान दे. तो म्हणतो, आवाज नाही. मला बारीकसा येतो. पुली 2 मिलिमीटर मोठी करून पाहायची आहे. लेथवाला म्हणतो, कातलेलं परत भरत नाही, नवा तुकडा घ्या. घेतला आहे.