गार्डकाकांचं देणं

माझं पोट शब्दांच्या अर्थांवर चालतं. नाशिकमध्ये खरेदीखतं, करारनामे, कोर्टाचे निकाल इंग्रजीतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत करून द्यायचे, हा माझा व्यवसाय. लांबलचक, अवघड शब्द या कामात फारसा त्रास देत नाहीत, ते कोशात सापडतात. कस लागतो तो साध्या, रोजच्या शब्दांपाशी. करारातलं ‘कन्सिडरेशन’ म्हणजे मोबदला, तिथे ‘विचार’ लिहून चालत नाही. ‘इन्स्ट्रुमेंट’ म्हणजे दस्त. अर्जाच्या शेवटी मागितलेला ‘रिलीफ’ म्हणजे दाद. असा एक शब्द चुकीच्या अर्थाने घेतला, तर कुणाची तरी जमीन, कुणाचं तरी घर अडकतं. म्हणून ओळखीचा शब्द दिसला की मी आधी थांबते. हे थांबणं मला इगतपुरीच्या रेल्वे कॉलनीतल्या, मालगाडीवर गार्ड असलेल्या एका माणसाने शिकवलं.

माझे वडील त्याच ठिकाणी चावीवाले होते. खांद्यावर हातोडा घेऊन रोज सकाळी आपल्या हद्दीतला रूळ पायी तपासायचा, सैल झालेल्या चाव्या ठोकून घट्ट करायच्या, हे त्यांचं काम. त्या गार्डना वडील ‘गार्डसाहेब’ म्हणत, आम्ही मुलं ‘गार्डकाका’. रेल्वेत हुद्द्यांच्या पायऱ्या फार स्पष्ट असतात आणि क्वार्टरवरूनच त्या कळतात. गँगच्या खोल्यांमधली पोर गार्डाच्या क्वार्टरमध्ये जाऊन टेबलाशी बसते, याचं तेव्हा कॉलनीत काहींना नवल वाटे. काका-काकूंना कधी वाटलं नाही. माझं देणं तिथूनच सुरू होतं.

आम्ही मराठी शाळेतली मुलं, त्या काळी इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचं. धड्याखाली शब्दार्थ असत: एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला एक अर्थ. ते पाठ करून मी काकांपुढे घडाघडा म्हणून दाखवले. ‘की म्हणजे किल्ली’ असं म्हटल्यावर त्यांनी विचारलं, “तुझे वडील कोण?” म्हटलं, “कीमन.” “मग ते कुलपं उघडतात का गं?” मला एकदम दिसलं, की हा शब्द आमच्या घरात रोज हातोड्याबरोबर बाहेर पडतो आणि वहीत मात्र कुलपाशीच बसून आहे. रुळाला जागेवर धरून ठेवणारी पाचर, तीही की. मग नकाशाच्या कोपऱ्यातली खुणांची यादी, हार्मोनियमची पट्टी, गणिताच्या पुस्तकामागची उत्तरं, सगळं त्या एका शब्दात. वडिलांच्या हद्दीला ‘बीट’ म्हणत. ढोल वाजवणं, हरवणं, काळजाचा ठोका आणि रोज चालायची ठरलेली वाट हे सगळं तो एकच शब्द सांगतो, हेही त्याच संध्याकाळी कळलं.

इगतपुरीसारखं गाव याला लाभलं, हेही खरं. १८६५ साली थळ घाटातून रेल्वे वर चढली तेव्हापासून इथे इंग्रजी शब्द लोकांच्या तोंडी आहेत, शाळेत न गेलेल्यांच्याही. घाटाचा चढ सदतीस फुटांना एक फूट. एका इंजिनाला त्यावर गाडी ओढवत नाही म्हणून कसाऱ्याला गाडीच्या मागे आणखी इंजिनं लावतात, त्यांना म्हणायचं बँकर. काकांचा ब्रेकव्हॅन गाडीच्या शेपटाला, म्हणजे बँकरचा धक्का थेट त्यांच्या पाठीशी. पैशांचा व्यवहार करणारा बँकर मला पुष्कळ नंतर भेटला. आधी भेटला तो घाट चढवणारा. ‘बँक’ म्हणजे चढ, उतार, नदीचा काठ, बांध, हे काकांनी ब्रेकव्हॅनमधून हात दाखवावा तसं हाताने तिरकी रेघ ओढून सांगितलं होतं.

तेव्हा मुंबईकडे एक प्रकारची वीज आणि भुसावळकडे दुसऱ्या प्रकारची. त्यामुळे गाड्यांची इंजिनं इगतपुरीला बदलत. सुटलेलं इंजिन डब्यांशिवाय एकटंच यार्डात फिरे, त्याला ‘लाइट इंजिन’ म्हणत. मला वाटे, दिव्याचं इंजिन असेल. काकांनी अर्थ सांगितला नाही, मला पुलावर उभं केलं. “बघ, त्याच्या मागे काय आहे?” काही नव्हतं. “ओझं नाही म्हणून लाइट.” कितीतरी वर्षांनी मोठ्या कोशात पाहिलं, उजेडाचा लाइट आणि हलका लाइट हे मुळात दोन निराळे शब्द आहेत. वेगवेगळ्या मुळांपासून निघाले आणि झिजत झिजत एकाच रूपाला आले. उलट ‘फास्ट’चं. तो मुळात ‘घट्ट, पक्का’ असा एकच शब्द. पक्क्या रंगाच्या कापडावर ‘फास्ट कलर’ लिहितात तो त्याचा जुना अर्थ, आणि वेगाचा अर्थ त्यातूनच पुढे फुटला. एका शब्दाला फुटलेले अर्थ आणि एकसारखे दिसणारे वेगळे शब्द, हा भेद शिकणाऱ्याने समजून घ्यावा असं मला फार वाटतं. पहिल्या जातीत एक अर्थ हाती लागला की त्याचं बोट धरून दुसऱ्याकडे जाता येतं. दुसऱ्या जातीत बोट धरायला कुणी नसतं, दोन्ही शब्द स्वतंत्र शिकावे लागतात. बँकेचं प्रकरण याहून गुंतलेलं: काठ आणि पेढी कोशात वेगळ्या नोंदींत येतात, पेढी आली ती इटलीतल्या सराफाच्या बाकावरून. पण फार मागे गेलं तर दोघांचं मूळ एकाच जर्मानिक शब्दात सापडतं.

काकांचा नियम असा: शब्द आणला की तीन प्रश्न. कोण म्हणतं? कुठे म्हणतं? त्याच्या पुढे-मागे कोणते शब्द येतात? ‘याचा अर्थ काय’ हे त्यांना चालत नसे. सांधेवाल्याचा पॉइंट, वक्त्याचा पॉइंट, पेन्सिलीचा पॉइंट, तीन माणसं उभी केली की अर्थ आपोआप वेगळे होत. एका शब्दाला वहीचं एक पान. वरच्या बाजूला रेल्वेतलं वाक्य, मध्ये घरातलं, खाली वर्तमानपत्रातलं. वर्तमानपत्र नाशिकहून आलेलं, शिळं असलं तरी चाले. वाक्याशिवाय शब्द आणला तर ते वही परत देत, रागावत मात्र नसत. स्लीपर, टोकन, स्टाफ, रेस्ट, कॉल अशी पानं भरत गेली. ‘कॉल’ तर आमच्या दारावरून जाई. रात्री-अपरात्री कॉलमन रजिस्टर घेऊन यायचा, काका झोपेतून उठून सही करायचे आणि ड्युटीची तयारी सुरू.

त्यांचा कोश त्यांच्या लाइन बॉक्समध्ये असायचा. लोखंडी पेटी: तांबडी-हिरवी निशाणं, हातदिवा, रुळावर ठेवायचे फटाके, नियमांचं पुस्तक आणि ऑक्सफर्डचा अॅडव्हान्स्ड लर्नर्स कोश, ई.एल.बी.एस.ची स्वस्त आवृत्ती. मालगाडी लूप लाइनला घातली की तासन् तास ती सुटत नाही. मेल, एक्सप्रेस पुढे काढून देतात. त्या वेळात काका ब्रेकव्हॅनमध्ये तो कोश वाचत. पेटी गाडीबरोबर जाई म्हणून कोश मला मिळे तो त्यांच्या विश्रांतीच्या दिवशीच. मी बसून नोंदीच्या नोंदी हाताने उतरवून घेई. उदाहरणाची वाक्यंसुद्धा. मधेच कॉलमन आला की ‘टर्न’ची नोंद अर्धी राही आणि गाडी मनमाडहून परतेपर्यंत मला तिच्यापुढे काय आहे याची ओढ लागे. आज कोश खिशातल्या फोनमध्ये आहे, आणि ते चांगलंच आहे. पण उतरवताना अर्थ ज्या क्रमाने, ज्या सोबत्यांसह मनात बसले, तसे दुसऱ्या कशाने बसले असते असं मला वाटत नाही.

त्या कोशाच्या कर्त्याचंही माझ्यावर ऋण आहे. ए. एस. हॉर्नबी १९२४ साली जपानमधल्या ओइता इथे इंग्रजी साहित्य शिकवायला गेले आणि त्यांच्या लक्षात आलं, की मुलांना आधी भाषाच हवी आहे. पुढे टोकियोत हॅरल्ड पामर यांच्याबरोबर काम करताना गेटनबी आणि वेकफिल्ड यांना सोबत घेऊन त्यांनी परभाषकांसाठी कोश रचला. तो निघाला १९४२ मध्ये, टोकियोतच, जपान आणि ब्रिटन युद्धात असताना. ऑक्सफर्डने तो १९४८ साली छापला. कोणतं नाम मोजता येतं आणि कोणतं येत नाही, क्रियापदापुढे कशी रचना लागते, हे त्यात खुणांनी दाखवलेलं असे. इंग्रजी ज्याच्या घरात बोलतात त्याला या खुणांची गरज नाही. चावीवाल्याच्या मुलीला होती. हॉर्नबींनी १९६१ मध्ये न्यास स्थापून आपल्या उत्पन्नातला वाटा आपल्यासारख्या देशांतल्या इंग्रजी शिक्षकांसाठी ठेवला, हे वाचलं तेव्हा मला त्यांच्याविषयी घरच्या वडीलधाऱ्यासारखा आदर वाटला.

दुसरे मायकेल वेस्ट. ढाक्यात शिक्षकांना शिकवता शिकवता त्यांनी बंगाली मुलांच्या वाचनाचा विचार केला. १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या यादीत सुमारे २,००० शब्द आहेत. ती नुसती शब्दांची यादी नाही. शब्दाचा कोणता अर्थ शंभरात किती वेळा येतो, तेही तिच्यात मांडलेलं आहे. म्हणजे दहा हजार नव्या शब्दांमागे धावण्याआधी या दोन हजारांचे मुख्य अर्थ पक्के करावेत. माझा अनुभव अगदी हाच आहे. मुलांना जाड जाड शब्दांच्या याद्या देणाऱ्यांना मी हात जोडून सांगते, आधी ‘टेक’, ‘सेट’, ‘टर्न’, ‘रन’ यांच्याशी मैत्री करू द्या.

कॉलेजसाठी नाशिकला आले तेव्हा काकांनी एकच काम सांगितलं, सार्वजनिक वाचनालयाचं सभासद हो. १८४० पासूनची ती संस्था. जुन्या कोशांची गोडी मला तिथे लागली. मोल्सवर्थनी सुरू केलेला आणि कँडींनी पुरा केलेला १८४७चा इंग्रजी-मराठी कोश उघडला की इंग्रजी शब्दापुढे मराठीची केवढी तरी समृद्धी ओळीने उभी राहते. एका इंग्रजी शब्दाला एक मराठी शब्द, ही सवय तिथे उरलीसुरलीही गेली. ‘कोच’चा प्रवासही मी तिथेच वाचला: हंगेरीतल्या कोच नावाच्या गावची घोडागाडी, मग रेल्वेचा डबा, आणि परीक्षेच्या पार नेऊन सोडणारा म्हणून ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी खासगी शिकवणाऱ्याला दिलेलं नाव. पुढच्या सुट्टीत काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी विचारलं, “विद्यार्थी म्हणायचे? कुठल्या वाक्यात?”

जानेवारी २०२२ मध्ये रेल्वेने गार्ड हे पदनाम काढून ट्रेन मॅनेजर केलं. काका निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, मनमाडला मुलाकडे असतात. मी फोन केला. म्हणाले, “काम तेच आहे ना? मग नाव शोभेल असं करतील पोरं.” आणि लगेच विचारलं, की सध्या हातात काय आहे.

हातात जमिनीचा जुना दस्त होता. त्यात एक अट अशी, की ती जमिनीबरोबर ‘रन’ करते. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदवले आहेत, हे मी त्यांना पूर्वी सांगितलं होतं आणि त्यांनी रेल्वेच्या उपयोगाचे तेवढे मोठ्या अक्षरांत लिहून मागवले होते. हा त्यांतला नव्हता. त्यांनी नेहमीचे तीन प्रश्न विचारले. मी सांगितलं: वकील म्हणतात, खरेदीखतात म्हणतात, पुढे ‘विथ द लँड’ येतं, आणि मागे अट किंवा वहिवाटीचा रस्ता.

“म्हणजे जमीन विकली तरी अट सुटत नाही. घेणाऱ्याकडे जाते.”

“हो काका.”

“मग तसंच लिही. धावते-बिवते लिहू नकोस.”

मी लिहिलं: ही अट जमिनीसोबत राहील व यापुढील प्रत्येक धारकावर बंधनकारक असेल. फोनवर वाचून दाखवलं. ‘धारक’ का, ‘मालक’ का नाही, यावर आम्ही आणखी बराच वेळ बोललो.