उबुंटू आणि बडे बाबूंची वही

महाराष्ट्राबाहेर नोकरी करणाऱ्या मराठी अधिकाऱ्याला दर दोन-तीन वर्षांनी नवे गाव, नवी बोली आणि नवे कार्यालय मिळते. २००८ मध्ये उत्तरेकडील एका जिल्ह्यात मी कार्यभार स्वीकारला, तेव्हा कार्यालयात बारा संगणक होते आणि त्यांपैकी पाच बंद होते. उरलेल्या सातांवरील ऑपरेटिंग सिस्टम कोठून आली याची नोंद डेड स्टॉक रजिस्टरात नव्हती. स्पष्टच सांगायचे तर ती परवान्याशिवाय घातलेली होती. पेनड्राइव्हबरोबर व्हायरस येत, कोणाची तरी फाइल नाहीशी होई, आणि बाजारातला मेकॅनिक सगळे पुसून तीच बेकायदा प्रत पुन्हा बसवून देई. कायदा राबविणाऱ्या कार्यालयात हे चालावे याची मला लाज वाटली.

परवाने विकत घेण्याइतकी तरतूद नव्हती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये उबुंटूची ८.०४ ही आवृत्ती आली होती. उबुंटू ही लिनक्सवर आधारलेली मुक्त प्रणाली. मार्क शटलवर्थ यांच्या पुढाकाराने तिची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २००४ मध्ये निघाली. लिनक्स म्हणजे काळ्या पडद्यावर आज्ञा लिहिण्याचे तज्ज्ञांचे काम, हा समज दूर करून सामान्य माणसाला ती वापरता यावी, हा त्यामागचा हेतू. मागणी नोंदवली की सीडी टपालाने विनामूल्य येत असे. ही सोय २०११ पर्यंत चालू होती. शिवाय संगणकावर काहीही न बसवता, केवळ सीडीवरूनच ही प्रणाली चालवून पाहता येत असे.

या सोयीचे मोल मला आवक-जावक शाखेत कळले. तेथील लिपिकांना सर्वजण बडे बाबू म्हणत. निवृत्तीला दीड वर्ष उरले होते आणि संगणकापासून ते चार हात दूर राहत. त्यांना मी आग्रहाने बसवले, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "साहब, बिगड़ेगा तो नहीं?" या प्रश्नामागे अज्ञान नव्हते, अनुभव होता. सरकारी वस्तू बिघडली तर वसुली पगारातून होते, हे त्यांनी तीस वर्षे पाहिले होते. मी म्हटले, सीडी काढा आणि संगणक पुन्हा सुरू करा, सर्व पूर्ववत होईल. त्यांनी तसे तीनदा करून पाहिले. तिसऱ्या वेळी खात्री पटली आणि मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

तीन महिन्यांत सहा संगणक उबुंटूवर आले. अडचणीही आल्या. जुनी पत्रे ज्या हिंदी फॉन्टमध्ये टंकलेली होती, तो फॉन्ट नसला की पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरे उमटत. दोष उबुंटूचा नव्हता. ती पत्रे युनिकोडमध्ये नव्हतीच. वर्षानुवर्षांचे अभिलेख आम्ही एका फॉन्टच्या हवाली करून बसलो होतो. पुढील सर्व पत्रे इनस्क्रिप्ट कळफलक वापरून युनिकोडमध्येच टंकायची, असे ठरले. दुसरी अडचण एका खात्याच्या संकेतस्थळाची. ते एकाच कंपनीच्या ब्राउझरमध्ये उघडत असे, म्हणून सातवा संगणक जुन्याच प्रणालीवर ठेवून त्यापुरता रीतसर परवाना घेतला.

२०१० मध्ये माझी बदली झाली. २०१३ मध्ये त्या गावी जाण्याचा योग आला, म्हणून कार्यालयात डोकावलो. सहांपैकी पाच संगणकांवर पुन्हा तीच विनापरवाना प्रणाली होती. आवक-जावक शाखेतला एकच संगणक अजून उबुंटूवर चालत होता. बडे बाबू निवृत्त झाले होते, पण जाताना त्यांनी आपल्या जागी आलेल्या मुलीला एक वही दिली होती. कोणत्या चित्रावर टिचकी द्यायची, पत्र कोठे साठवायचे, छपाई अडली तर काय करायचे, हे सर्व त्यांनी हिंदीत क्रमवार लिहून ठेवले होते. ती मुलगी ती वही पाहून निर्धास्तपणे काम करीत होती.

मला आनंद झाला, पण तो फार टिकला नाही. संगणकावर अजून ८.०४ हीच आवृत्ती होती आणि तिच्या सुरक्षा-सुधारणा २०११ मध्येच थांबल्या होत्या. नवी आवृत्ती केव्हा व कशी बसवायची, याचे पान वहीत नव्हते. बडे बाबूंनी मी सांगितले तेवढे सर्व लिहिले होते. एवढेच मी सांगितले नव्हते. कार्यालयीन आदेशही मी काढला नव्हता. सारे माझ्या उत्साहावर चालले आणि तो उत्साह माझ्याबरोबर बदलून गेला.

केरळने हे काम वेगळ्या रीतीने केले. तेथे २००१ मध्ये सुरू झालेल्या 'आयटी अ‍ॅट स्कूल' प्रकल्पाने शाळांतील संगणक शिक्षण मुक्त प्रणालींवर नेले आणि त्यासाठी शिक्षकांना प्रशिक्षण दिले. अधिकारी बदलले तरी काम टिकले. २०१७ मध्ये त्या प्रकल्पाचे 'काइट' या सरकारी कंपनीत रूपांतर झाले. केंद्र सरकारनेही २०१५ मध्ये मुक्त स्रोत प्रणालींना प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. पण धोरणाच्या परिपत्रकाने लिपिकाची भीती जात नाही. ती त्याच्या भाषेतल्या वहीने आणि शेजारी बसून शिकवणाऱ्या माणसाने जाते.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा संपला. चांगले चालणारे कित्येक संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. ते भंगारात काढण्यापूर्वी उबुंटू किंवा लिनक्स मिंट सीडीऐवजी पेनड्राइव्हवरून चालवून पाहावी, असे मी सहकाऱ्यांना सुचवतो. उबुंटूच्या २४.०४ या आवृत्तीला २०२९ पर्यंत सुधारणा मिळणार आहेत.

मात्र सुरुवात मी आता वहीपासून करतो. पहिल्याच पानावर तीन गोष्टी लिहून घेतो: ही आवृत्ती कधी संपते, पुढची कोणी बसवायची, आणि तो माणूस बदलून गेला तर ही वही कोणाच्या ताब्यात द्यायची.