आकाशातून पडणारं जहाज

ढगांच्या वर एक अवाढव्य युद्धजहाज अचानक प्रकट होतं आणि दगडासारखं खाली पडायला लागतं. त्याला पंख नाहीत, चाकं नाहीत. जमिनीच्या जवळ जाण्यासाठी ते कधी बांधलेलंच नाही. खाली चिखलातली तंबूंची वस्ती आहे, तिथले लोक मान वर करून बघताहेत. जहाजाभोवती ज्वाळा, आतली माणसं हाताला येईल ते घट्ट धरून उभी, आणि पडता पडताच दोन्ही कुशींतून छोटी लढाऊ विमानं सुटतात. जमीन जवळ येते आणि जहाज नाहीसं होतं. त्याच्या रिकाम्या जागेत हवा धाडकन घुसते, त्या आवाजाने वस्ती हादरते.

'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' या अमेरिकन मालिकेतला हा प्रसंग. तिसऱ्या सीझनमधल्या 'एक्झोडस'चा दुसरा भाग, ऑक्टोबर २००६ मध्ये दाखवला गेला आणि पुढच्या वर्षी व्हिज्युअल इफेक्ट्सचं एमी पारितोषिक घेऊन गेला. मी तो बऱ्याच वर्षांपूर्वी एका मैत्रिणीच्या डीव्हीडीवर पाहिला होता. यंदा दिवाळीच्या सुट्टीत आमच्या चिरंजीवांबरोबर आणि माझ्या सासऱ्यांबरोबर, म्हणजे नानांबरोबर, पुन्हा पाहिला.

माझ्या पिढीचं अंतराळ म्हणजे दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागणारं 'स्टार ट्रेक'. तिथे सुटका फार सोपी असायची. जहाज वर घिरट्या घालत राहायचं, कुणीतरी एक कळ सरकवायचं, खालची माणसं चमचमत गायब व्हायची आणि जहाजात उगवायची. गॅलॅक्टिकामध्ये तसली सोय नाही. माणसं आणायची तर कुणीतरी खाली जायलाच हवं.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात कथा. माणसांनीच घडवलेल्या सायलॉन यंत्रमानवांनी माणसांच्या बारा वसाहती बेचिराख केल्या. पन्नास हजारांच्या आसपास लोक जहाजांमधून वाचले, भटकत भटकत न्यू कॅप्रिका नावाच्या थंड, धुळकट ग्रहावर उतरले आणि थकून तिथेच राहिले. वर्षभराने सायलॉनांनी त्यांना शोधून काढलं. गॅलॅक्टिका आणि पेगॅसस ही दोन युद्धजहाजं तेव्हा ग्रहाभोवती फिरत होती, पण त्यांच्यावर माणसं अपुरी होती. अ‍ॅडमिरल अडामा यांना ती घेऊन पळावं लागलं. खाली राहिलेल्यांनी चार महिन्यांहून अधिक काळ पारतंत्र्य भोगलं.

आता सोडवायचं कसं? ग्रहाभोवती शत्रूची जहाजं पहारा देताहेत. वरून विमानं सोडली तर खाली पोचायच्या आत ती टिपली जाणार. गॅलॅक्टिकाला मात्र एका जागेवरून नाहीसं होऊन दुसऱ्या जागी प्रकट होण्याची, म्हणजे 'जंप' करण्याची ताकद आहे. अडामा ठरवतात, पहाऱ्याच्या आत, थेट हवेतच प्रकट व्हायचं. विमानं वस्तीच्या डोक्यावरच सुटतील.

इथे चिरंजीवांनी टीव्ही थांबवला. ते मेकॅनिकल इंजिनिअर आहेत, त्यामुळे आमच्या घरात कुठलाही सिनेमा सलग बघून होत नाही. म्हणाला, "आई, जहाज तीस किलोमीटरवर प्रकट झालं आणि हवेचा विरोध धरलाच नाही, तर जमिनीवर आदळायला ७८ सेकंद लागतील. तेव्हा वेग असेल ताशी सुमारे २७६० किलोमीटर." हे पृथ्वीसारखं गुरुत्वाकर्षण धरून. शिवाय त्याचं म्हणणं, त्या ज्वाळा फक्त देखाव्याच्या आहेत. अंतराळातून परतणारं यान तापतं, कारण ते ताशी सुमारे २८००० किलोमीटर वेगाने हवेत घुसतं. गॅलॅक्टिका तर जागच्या जागी प्रकट होऊन नुसती पडते आहे, तिला इतक्या लवकर आग लागायचं कारण नाही. मला ते पटलं. तरी मी असते तर ज्वाळा ठेवल्याच असत्या.

कारण त्या ज्वाळा बघताना मला कोलंबिया आठवतं. १ फेब्रुवारी २००३, कल्पना चावला आणि तिचे सहा सहकारी जमिनीवर उतरायला जेमतेम सोळा मिनिटं उरली असताना गेले. यान १६ जानेवारीला उडालं तेव्हा, उड्डाणानंतर साधारण ८२ सेकंदांनी, इंधनाच्या टाकीवरचा फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला होता. तो आदळल्याचं चित्रणात दिसलंही होतं. काही इंजिनिअरांनी अवकाशातल्या यानाची छायाचित्रं मिळवण्यासाठी विनंत्या केल्या, त्या पुढे गेल्या नाहीत.

नंतरच्या चौकशी अहवालात एक प्रकरण आहे, त्याबद्दल आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. नुकसान सुरुवातीलाच कळलं असतं तर काय करता आलं असतं, याचा त्यात हिशेब आहे. अटलांटिस हे दुसरं यान १ मार्चच्या उड्डाणासाठी तयार होत होतं. रात्रंदिवस काम करून ते १० फेब्रुवारीच्या सुमारास उडवता आलं असतं. कोलंबियावरच्या सात जणांनी हालचाल कमी करून, हवा शुद्ध करणारं रसायन पुरवून पुरवून वापरलं असतं तर त्यांना १५ फेब्रुवारीपर्यंत तग धरता आला असता. चार जण अटलांटिसमधून वर गेले असते, दोन्ही यानं जवळजवळ आणून सात जणांना अंतराळातूनच पलीकडे घेतलं असतं. जोखीम प्रचंड होती. तसलाच फोम अटलांटिसवरही सुटू शकला असता. चारांना पाठवावं की नाही, हा भयंकर कठीण प्रश्न होता, पण तो कुणाच्या टेबलावर आलाच नाही. मला सर्वात जास्त तेच टोचतं. अडामांचं जहाज भले काल्पनिक असेल, त्यांच्यापुढे प्रश्न स्पष्ट मांडलेला होता आणि त्यांनी उत्तर दिलं.

त्यांच्या मुलाचं उत्तर वेगळं होतं. ली अडामा पेगॅससचा कमांडर. (या सीझनमध्ये तो चांगलाच सुटलाय. बसून राहिलेल्या माणसाची तब्येत हुबेहूब दाखवलीय.) लीचं म्हणणं, उरलेली माणसं आणि जहाजं घेऊन पुढे जाऊ, निदान माणसाची जात टिकेल. वडील त्याला तीच जबाबदारी देतात आणि सांगतात, तू येऊ नकोस. गॅलॅक्टिका हवेतून जंप करून वर येते तेव्हा शत्रूची चार जहाजं तिला घेरतात. जंपची यंत्रणा बंद पडलेली, आता संपलंच असं वाटत असताना पेगॅसस येतं. ली आज्ञा मोडून आलेला असतो. तो मधे घुसतो, वडिलांच्या जहाजाला निसटायला वेळ मिळवून देतो, आपली माणसं बाहेर काढतो आणि रिकामं पेगॅसस शत्रूच्या जहाजावर आदळवतो. गॅलॅक्टिकापेक्षा नवं, अधिक ताकदवान जहाज एका झटक्यात गेलं.

"माझी बाइक," चिरंजीव हळूच म्हणाला.

ऑगस्ट २०२४ मध्ये बडोद्यात विश्वामित्री ३५ फुटांच्या वर चढली, तेव्हा आमच्या तळमजल्यावर कमरेइतकं पाणी होतं. वीज गेलेली, फ्रिज बंद, नानांचं इन्सुलिन संपत आलेलं. चिरंजीव नोकरीला सुरतेला. मी फोनवर बजावलं होतं, "अजिबात येऊ नकोस. रस्ते बंद आहेत, वस्त्यांत मगरी निघाल्यात." (बाहेरगावच्यांना ही थाप वाटते. बडोदेकरांना विचारा.) तिसऱ्या दिवशी सकाळी हा दारात. गळ्यापर्यंत चिखल, पाठीवर सॅक, सॅकमध्ये थर्मास, थर्मासमध्ये बर्फावर ठेवलेलं इन्सुलिन. बाइक एका नाल्यापाशी पाण्यात सोडून तो उरलेलं अंतर चालत आला होता. तिचं इंजिन कायमचं गेलं. मी आधी दहा मिनिटं त्याला बोलले आणि मग चहा टाकला. पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा 'येऊ नकोस' असंच सांगेन, आणि तो काय करेल हेही मला ठाऊक आहे.

नाना एवढा वेळ गप्प होते. त्यांना त्या पडत्या जहाजाचं फारसं कौतुक नव्हतं. त्यांचा प्रश्न वेगळाच होता. "वरून येणारे आले, ते ठीक. पण खालच्या लोकांनी तयारी कधी केली?"

खरंच, अर्धी कथा तिथेच आहे. खालची जहाजं जमिनीला खिळलेली, त्यांच्या चाव्या शत्रूच्या ताब्यात. त्या आणायला शॅरन जाते, जी स्वतः सायलॉन आहे आणि माणसांच्या बाजूने उभी राहिली आहे. तिच्यासारख्याच चेहऱ्याच्या इतर असल्यामुळे तिला कुणी अडवत नाही. अडामांनी शत्रूपैकी एकीवर सगळा डाव लावलेला असतो.

आणि कर्नल टाय. अडामांचा जुना मित्र, वस्तीतल्या बंडखोरांचा म्होरक्या. तुरुंगात त्याचा एक डोळा गेलाय. आपल्याच तरुणांना अंगावर स्फोटकं बांधून पाठवण्यापर्यंत त्याची मजल गेलीय, आणि मालिका त्याला त्याबद्दल माफही करत नाही, शाबासकीही देत नाही. त्याच्या बायकोने, एलेनने, त्याला वाचवण्यासाठी शत्रूला बातमी पुरवलेली असते. सुटकेच्या आदल्या रात्री तो तिला विषाचा पेला देतो. तिला ते कळलेलं असतं, असं मला दरवेळी वाटतं. चिरंजीव म्हणतो, नाही.

लोक जहाजावर परत येतात तेव्हा जल्लोष होतो, अडामांना खांद्यावर उचलून घेतात. टाय त्या गर्दीतून एकटाच चालत जातो. नाना त्याच्याकडेच बघत होते. "याला आता झोप लागणार नाही," म्हणाले. पुढच्याच भागात तो एका गुप्त पंचमंडळात बसून शत्रूला मदत करणाऱ्यांना मृत्युदंड देताना दिसतो.

कुणाला बघायची असेल तर आधी २००३ ची प्रास्ताविक मालिका बघा, मग क्रमाने. थेट तिसऱ्या सीझनवर उडी मारू नका. घरात दहा-बारा वर्षांची मुलं असतील तर त्यांना झोपवून बघा, आणि शेजारी एखादा इंजिनिअर असेल तर रिमोट आपल्याच हातात ठेवा.