सर्व्हरचे पन्नास रुपये

मागच्या वर्षी आमच्या केळीवाल्यांच्या गटाचं पान एका सकाळी बंद झालं. रोजची बऱ्हाणपूरची बोली, रावेरचा भाव, कोणता व्यापारी पैसे बुडवून गेला, सगळं तिथेच होतं. कंपनीला मेल केले, उत्तर नाही. दाद मागायला ना ऑफिस, ना माणूस.

भाचा म्हणाला, "मामा, आपला सर्व्हर टाकू. मॅस्टोडॉन फुकट आहे." खरंच आहे. २०१६ साली जर्मनीत ओयगेन रोच्कोने काढलेलं हे सॉफ्टवेअर कोणीही घेऊन चालवू शकतो. आपल्या विकास सोसायट्यांसारखं आहे ते. प्रत्येक गावाचा कारभार वेगळा, पण या सर्व्हरवरचा माणूस त्या सर्व्हरवरच्याशी बोलतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झालं, तेव्हा आपल्याकडचे बरेच लोक तिकडे गेले होते.

पण सॉफ्टवेअर फुकट असलं तरी सर्व्हर फुकट नाही. भाडं, फोटो-व्हिडिओ साठवायची जागा, बॅकअप. शिवाय रात्री बंद पडला तर उठणारा माणूस. माणशी महिना ५० रुपये ठरले. पहिल्या महिन्यात ६४ जणांनी दिले, तिसऱ्यात ११ जणांनी.

त्या ११ मध्ये मी नव्हतो. पान बंद झालं तेव्हा सगळ्यात जास्त ओरडलेला मीच. "देऊ पुढच्या महिन्यात," म्हणत राहिलो. उरलेलं बिल भाचा गुपचूप पगारातून भरत होता. पाचव्या महिन्यात म्हणाला, "मामा, आता नाही होत." सर्व्हर बंद.

हे आपलंच रडगाणं नाही. 'कू'कडे गुंतवणूकदारांचा पैसा होता, तरी जुलै २०२४ मध्ये ते बंद पडलं. देणग्यांवर चालणाऱ्या सिग्नलने २०२३ मध्ये हिशेब मांडला. नुसत्या नोंदणीच्या मेसेजवर वर्षाला ६० लाख डॉलर! आपल्याकडे 'प्रव' नावाचं मेसेजिंग ॲप सहकारी संस्था काढून चालवायची धडपड झाली. बहुराज्य संस्थेला कायद्याने प्रत्येक राज्यातले निदान ५० सभासद लागतात. म्हणजे तिथेही पहिलं काम माणसं गोळा करण्याचंच.

१९३६ साली काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन आपल्या फैजपुरात झालं, म्हणून दर डिसेंबरात आपण अभिमानाने फोटो टाकतो. तेही दुसऱ्याच्या पानावर!

आपली चूक कुठे झाली ते आता कळतंय. शेतकऱ्याच्या हातात दर महिन्याला पैसा नसतो. माल कापला की येतो. म्हणून वर्गणी वर्षातून एकदाच, कापणीनंतर, ६०० रुपये. भाचा परत तयार आहे, पण त्याच्या दोन अटी आहेत. आणखी दोन पोरांनी सर्व्हर सांभाळायला शिकायचं, आणि जमाखर्च दर महिन्याला सगळ्यांसमोर टाकायचा.

माझे ६०० काल दिले, मागचे थकलेलेही दिले. तुम्ही येणार असाल तर खाली नाव लिहा. नुसता अंगठा नको, भाऊ. अंगठ्यावर सर्व्हर चालत नाही.