नानांनी पिंजलेली गादी

आम्ही पिंजारी. अम्मीच्या लग्नातली गादी नानांनी स्वतः कापूस पिंजून भरली होती. दर मे महिन्यात घाटकोपरच्या गच्चीवर ती उन्हात तापायची, काठीचा मार खायची. गुठळ्या झाल्या की नाना ती उसवून पुन्हा पिंजायचे.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आमच्या घरात गटाराचं पाणी शिरलं. ती घाण नुसत्या उन्हानं जाणारी नव्हती. अम्मीनं गादी टाकली. खोळ तेवढी उसवून घेतली, उकळत्या पाण्यातून काढली.

आता फोमची गादी आहे. तिला कडक ऊन सोसत नाही. सावलीत वारा देतो, खाण्याचा सोडा भुरभुरून तासाभरानं झाडतो. पिंजाऱ्याचं तिच्यात काहीच काम नाही. तरी अम्मी तिच्यावर तीच जुनी खोळ चढवते.