किमान शिल्लक

शेतीशी माझा संबंध सातबाऱ्यावरच्या नावापुरता. बाकी मी बी.कॉम., बारामतीच्या एका बँकेत कारकून. पण पीककर्जाच्या टेबलावर बरीच वर्षं काढल्यामुळे आपल्याला शेतीतलं कळतं असा मला भ्रम झालेला आहे. हा दोष टेबलाचा. समोर रोज पाच-पन्नास माणसं हात जोडून उभी राहिली, की माणसाला शेतीतलंच काय, अध्यात्मातलंही कळू लागतं.

त्यातून बारामती हे गावच असं, की इथं अज्ञानी राहायला कष्ट पडतात. शारदानगरला कृषी विज्ञान केंद्र. माळेगावला २००९ साली केंद्र सरकारनं 'राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था' काढली. पाटी पहिल्यांदा वाचली तेव्हा वाटलं, चला, बँकवाल्यांची कुणाला तरी दया आली! चौकशीअंती कळलं, की दुष्काळ, ऊन, खारवट जमीन असल्या निर्जीव गोष्टींचा पिकाला आणि जनावराला जो ताण होतो, त्यावर तिथं संशोधन चालतं. आमच्या ब्रँचमधला ताण संपूर्ण जैविक. तो बरोबर दहाला येतो, चष्मा पुसतो आणि मार्च एंडिंगला ओरडतो.

तर, २०२५चा मे महिना. मान्सून २४ तारखेला केरळात उतरला, नेहमीपेक्षा आठ दिवस आधी, आणि २६ला मुंबईत. त्याच सुमारास आमच्याकडं असा कोसळला, की पिंपळीजवळ नीरा डावा कालवा फुटला. आमचा हा पर्जन्यछायेतला मुलूख. जिथं जूनमध्ये ढग मोजायचे, तिथं मेमध्ये लोक घरातलं पाणी मोजत होते.

मला एक वाक्य पाठ होतं : ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये. खात्यावर किमान शिल्लक असल्याशिवाय चेक लिहू नये, तसंच हे. इथं तर शिल्लक केव्हाच ओलांडली होती. १ जूनच्या रविवारी मी बाजरीच्या बियाण्याच्या दोन पिशव्या घेतल्या, दीड-दीड किलोच्या, एकराला एक, आणि इंदापूरची एस.टी. पकडली.

दादाचं रान इंदापूर तालुक्यात. दोन एकर, हलकं, मुरमाड. कालव्याचं पाणी शेजारच्या शिवारापर्यंत येऊन थांबलेलं.

"दादा, पेरून टाक. शंभराच्या वर झालाय."

दादानं खिशातून मोबाईल काढला. "कृषी खातं म्हणतंय, घाई करू नका. मधी उघडीप हाय."

मी जरा दुखावलो. घरात वाचन करणारा माणूस मी, आणि सल्ला येतो याच्या मोबाईलवर! तोही मंगळवार-शुक्रवार, नेमानं.

"आन् वापसा कुठं आलाय अजून?"

वापसा म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर परत आलेला चेक उभा राहिला. दादानं मूठभर माती उचलली, दाबून लाडू वळला आणि खाली टाकला. लाडू पडला तसा चिकटून बसला. "हा फुटला पायजे. तवा वापसा."

एवढ्यावर मी गप्प बसायला हवं होतं. पण बी.कॉम.ला अर्थशास्त्र होतं. लवकर पेरलं की लवकर निघणार, बाजारात पहिला माल आपला, भाव आपण म्हणू तो, असं मी पंधरा मिनिटं बोललो.

"बाजरीला?" वहिनींनी चुलीपुढून विचारलं.

दादा माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा. त्यानं पिशव्यांकडं पाहिलं, मग माझ्या तोंडाकडं. "बरं. वापसा आला की एक एकर पेरतो. एवढं बी घिऊन आलायस."

पेरणी झाली. चारपाच दिवसांत दादाच्या पोरानं फोटो धाडला, हिरव्या रेघा अशा देखण्या! मी तो ब्रँचभर फिरवला. कॅशियरनं स्वखर्चानं चहा पाजला, यावरून प्रसंगाचं मोठेपण ध्यानात यावं.

मग पाऊस गेला. अगदी दादाच्या मोबाईलमध्ये लिहिल्याप्रमाणं. नुसता वारा. बाजरीची दोन-दोन पानांची पोरं, मुळं वरच्या चार बोटांत, आणि मुरमाड रानात वरची चार बोटं पहिली वाळतात. जूनच्या मध्याला मान्सून हलला खरा, पण दादाच्या शिवारापर्यंत यायला त्यानं आणखी आठवडा घेतला. मी रोज खिडकीतून आभाळ बघायचो. काउंटरवरची माणसं खोळंबायची, पण कुणी रागावलं नाही. तीही तिकडंच बघत होती.

जुलैत गेलो. एक एकर घोट्याच्या वर आलेली बाजरी. ती दादानं थांबून पेरलेली. शेजारी माझा एकर, कुळव फिरवून दुबार पेरलेला. रात्री जेवणं झाल्यावर मी हिशेबाला बसलो. बियाणं, ट्रॅक्टर, मजुरी, सगळं दोनदा. आकडा काढला आणि पाकीट उघडलं.

"राहू दे," दादा म्हणाला.

"नाही दादा, चूक माझी आहे."

"तुझ्या कॉलेजची फी म्हशीच्या दुधावर भरली, तवा पावती मागितली व्हती का मी?"

पाकीट उघडंच राहिलं. ते मिटायचं कसं हे काही केल्या सुचेना.

"भावजी, बाजरीचं ऱ्हाऊ द्या," वहिनी म्हणाल्या. "पुढल्या वर्षी कॅलेंडर आणाल ते मोठ्या चौकोनाचं आणा. ह्यात लिवायला जागा पुरत न्हाई."

भिंतीवर आमच्याच बँकेचं कॅलेंडर होतं. मी उठून पानं मागं उलटली. मेमध्ये, मी बाजारभाव शिकवायला यायच्या आधीच्या एका चौकोनात, 'म्हशी – घटसर्प, फऱ्या लस झाली.' ३ जूनच्या चौकोनात बारीक अक्षरात, 'भावजींची बाजरी.' आणि २७ जूनच्या चौकोनात नुसतंच, 'बाजरी.'