विस्तव, विरजण आणि वायफाय

विस्तव आणि विरजण या दोन वस्तू शेजाऱ्याने मागितल्या तर नकार देऊ नये, असे माझी आजी म्हणत असे. त्यामागचा तिचा युक्तिवाद मोठा समर्पक होता. चुलीतले चार निखारे करवंटीत घालून दिले म्हणून आपली चूल विझत नाही आणि चमचाभर विरजण दिले म्हणून आपल्या दह्याला तोटा येत नाही. देणाऱ्याचे काही उणे होत नाही, घेणाऱ्याचा संसार मात्र चालतो. मग 'नाही' म्हणून जीभ कशाला विटाळावी?

आता घरोघरी गॅसच्या शेगड्या आल्या, दही पिशवीतून येऊ लागले आणि निखारे मागायला येणारी माणसे दिसेनाशी झाली. शेजारधर्माला काही कामच उरले नाही की काय, असे वाटू लागले असतानाच एक नवीन मागणे दारोदार ऐकू येऊ लागले. ही वस्तू डोळ्यांना दिसत नाही आणि करवंटीत मावत नाही. "बाई, तुमच्या वायफायचो पासवर्ड कितें?" एवढेच ते मागणे.

गेल्या पावसाळ्यात हा प्रश्न आमच्या दारी ज्या घरातून आला, त्या घराशी आमचे बोलणे नव्हते. दोन घरांमध्ये चिऱ्यांचा एक गडगा आहे. तो कोणाच्या जमिनीत किती सरकला आहे, यावरून माझ्या सासऱ्यांच्या तरुणपणी वाद झाला आणि त्या वादाने दोन्ही घरांतले येणेजाणे थांबले. बांय दोघांची एकच. पण पाणी काढण्याच्या वेळा निरनिराळ्या. अशा घरातला दहावीतला मुलगा छत्री मिटून आमच्या पायऱ्यांवर उभा होता. त्यांच्या घरी तारेची जोडणी पोहोचली नव्हती आणि माडापोफळींच्या गर्दीत मोबाइलची रेघ जेमतेम एक दिसे. शाळेचा अभ्यास, सरावाच्या प्रश्नपत्रिका, अडलेल्या गणिताची चित्रफीत हे सारे आता इंटरनेटवरून येते. २०२० साली शाळा बंद पडल्या तेव्हा सत्तरी-सांग्याकडची मुले संपर्काच्या शोधात डोंगर चढून बसत, हे आपण सर्वांनी वाचले आहे. शाळा उघडल्या, पण डोंगर चढण्याची गरज काही घरांत अद्याप तशीच आहे. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिले. मी पासवर्ड एका कागदावर लिहून दिला. त्या काही बोलल्या नाहीत.

परंतु देणे आणि पोहोचणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कागद गडगा ओलांडून गेला, लहरी मात्र गेल्या नाहीत. त्या का जात नाहीत हे समजून घेताना मला जो आनंद झाला, तो विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापुढे ठेवावा म्हणून हा लेख.

वायफाय म्हणजे रेडिओच्याच कुळातल्या लहरी. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असते आणि ५ गिगाहर्ट्झच्या लहरीची सुमारे सहा. पहिली संथ, पण दूरवर जाणारी. दुसरी वेगवान, पण भिंती लागल्या की लवकर थकणारी. १८९५ साली जगदीशचंद्र बसूंनी कलकत्त्यात अशाच, किंबहुना याहूनही आखूड लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखवली होती. म्हणजे भिंत हा काही अभेद्य अडथळा नव्हे. तरीही प्रत्येक भिंत आपला कर वसूल करते आणि आपल्याकडच्या जुन्या घरांच्या जाड चिऱ्यांच्या भिंती हा कर जबर घेतात. त्यातून जांभा दगड सच्छिद्र. पावसाळ्यात तो पाणी पिऊन बसतो आणि पाणी या लहरी शोषून घेते. धातू तर त्यांना पुढे जाऊच देत नाही, परतवून लावतो. लोखंडी कपाट, मोठा आरसा, पत्र्याचे छप्पर हे सारे या दृष्टीने बंद दरवाजेच होत.

आमचे राउटर नेमके अशाच जागी होते. जोडणी देणाऱ्या माणसाची तार जिथे संपली, तिथे म्हणजे आतल्या खोलीच्या कोपऱ्यात, लोखंडी कपाटाच्या मागे त्याची स्थापना झाली होती. देवघर कुठे असावे याचा आपण विचार करतो, चुलीची दिशा पाहतो. राउटरला मात्र तार नेईल तिथे बसवतो. खरे म्हणजे ते घराच्या मध्याशी, डोक्याइतक्या उंचीवर, उघड्या फळीवर असावे. त्याच्या शिंगांसारख्या अँटेना उभ्या असल्या की लहरी चहूबाजूंना आडव्या पसरतात. त्या आडव्या केल्या तर वरच्या मजल्याला लाभ होतो. एवढे साधे स्थलांतर केले तरी पुष्कळ घरांचे काम भागते आणि त्याला एक पैसाही पडत नाही.

आपल्या घरात लहर कुठे किती पोहोचते, हे मोजताही येते. त्यासाठी मोबाइलवर विनामूल्य साधने मिळतात. आकडा उणे असतो: उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ७० म्हणजे कामापुरते आणि उणे ८० च्या पलीकडे केवळ आशा. चौकटीच्या कागदावर घराचा नकाशा काढावा, प्रत्येक खोलीत उभे राहून आकडा टिपावा आणि मग राउटर हलवून पुन्हा टिपावा. शेजारच्या त्या मुलाने हे काम दोन संध्याकाळी केले. आमच्या घरात त्याच्या घरचे कोणी खोलीखोलीतून हिंडावे, असा प्रसंग माझ्या लग्नानंतर प्रथमच आला.

नकाशावरून ध्यानात आले की गडग्याकडच्या खिडकीत दुसरे राउटर हवे. नवे घेण्याचे कारण नव्हते. माळ्यावर एक जुने पडून होते. असे जुने राउटर पुन्हा कामाला लावणे कठीण नाही. त्याला पहिल्याहून वेगळा पत्ता द्यावा, पहिल्याचा १९२.१६८.१.१ असेल तर याचा १९२.१६८.१.२. मग त्यातली पत्ते वाटण्याची सोय, जिला डीएचसीपी म्हणतात, ती बंद करावी. एका घरात दोन कारभारी पत्ते वाटू लागले की गोंधळ होतो. नंतर दोन्ही राउटरांची लॅन नावाची भोके एका तारेने जोडावीत. नाव आणि पासवर्ड दोहोंना एकच ठेवला तर मोबाइल घरात फिरताना जवळचे राउटर आपोआप निवडतो. वाहिन्या मात्र भिन्न ठेवाव्यात, २.४ गिगाहर्ट्झमध्ये १, ६ आणि ११ या वाहिन्या एकमेकींच्या पायात येत नाहीत. ही तार १०० मीटरपर्यंत निर्धास्त चालते. मोठ्यात मोठ्या वाड्यालाही ती पुरावी.

मग तीच तार गडग्यावरून पलीकडे का नेली नाही, असे तुम्ही विचाराल. त्याचे कारण आपल्या आकाशात आहे. मे अखेरीस आणि पाऊस परतताना आपल्याकडे विजांचे जे तांडव चालते, त्यात दोन घरांमध्ये उघड्यावर टांगलेली तांब्याची तार म्हणजे विजेला दिलेले निमंत्रण होय. काचेच्या तंतूची तार असेल तर हे भय नसते. काच वीज वाहून नेत नाही. ढग गडगडू लागले की राउटरची पिनही काढून ठेवावी. एरवी वीज गेली की राउटर मुके होते. पण बहुतेक राउटर १२ व्होल्टवर चालत असल्याने त्यांच्यासाठी लहानशा बॅटरीची पेटी मिळते आणि तिच्यावर एक-दोन तासांचा अभ्यास पार पडतो.

तेव्हा पलीकडे लहरच पाठवायची ठरली. त्यांच्या खिडकीत एक रिपीटर बसवला. याच्या बाबतीत लोकांची एक समजूत असते की जिथे काहीच पोहोचत नाही, तिथे रिपीटर ठेवावा. जो स्वतःच उपाशी, तो दुसऱ्याला काय वाढणार? रिपीटर नेहमी वाटेत, जिथे लहर अजून बऱ्यापैकी सशक्त आहे अशा जागी ठेवावा. ऐकणे आणि बोलणे ही दोन्ही कामे तो एकाच वाहिनीवर करीत असेल तर वेग निम्म्यावर येतो, हेही जाणून असावे. जोडीला एक गंमत म्हणून आमच्या जुन्या राउटरमागे पुठ्ठ्यावर ॲल्युमिनियमचा कागद चिकटवून, सुपासारखा वाकवून उभा केला. त्यातून नवी शक्ती निर्माण होत नाही. मागे वाया जाणारी लहर पुढे वळते, इतकेच. शेताच्या पलीकडच्या माणसाला हाक मारताना आपण तोंडाभोवती दोन्ही हात धरतो, त्यातलाच हा प्रकार.

ज्यांच्या घरी जोडणी नाही, पण मोबाइल आहे, त्यांनीही निराश होऊ नये. घरात ज्या खिडकीत मोबाइलला रेघा दिसतात तिथे तो ठेवावा, त्याचा हॉटस्पॉट चालू करावा आणि दुसऱ्या यंत्रावर आत बसून अभ्यास करावा. बॅटरी झपाट्याने उतरते म्हणून तो चार्जिंगला लावावा आणि काम संपताच हॉटस्पॉट बंद करावा.

देताना डोळे उघडे ठेवणेही अवश्य आहे. २००८ साली अहमदाबादच्या बाँबस्फोटांच्या वेळी आलेला धमकीचा ईमेल नवी मुंबईतल्या एका घराच्या उघड्या वायफायवरून धाडलेला निघाला आणि ज्याच्या नावावर जोडणी होती, त्याला चौकशीला तोंड द्यावे लागले. म्हणून पासवर्डाविना वायफाय कधी ठेवू नये. सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ असावा, राउटरचा मूळचा कारखानी पासवर्ड बदलावा आणि पुष्कळशा राउटरांत पाहुण्यांसाठी जी निराळी वाट असते, ती शेजाऱ्यांना द्यावी. पाहुणा बाल्कांवात बसतो. त्याला तिजोरीची खोली दाखवण्याचे कारण नसते. घरगुती जोडणी पैसे घेऊन विकूही नये. तो व्यवसाय करायचा तर डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने मान्य केलेली पीएम-वाणी ही योजना आहे. तीत लहान दुकानदारालाही परवान्याविना सार्वजनिक वायफाय चालवता येते.

आता आजीच्या युक्तिवादाकडे पुन्हा पाहिले तर एक भेद दिसतो. वायफाय हे विस्तवासारखे नाही, ते विहिरीसारखे आहे. दुसऱ्याने काढले की आपल्याला तेवढ्यापुरते कमी पडते. आमची जोडणी ४० मेगाबिटची. स्वच्छ चित्रफितीला सुमारे ५ मेगाबिट लागतात असे धरले, तर एकाच वेळी आठजणांना पुरेल. व्यवहारात भिंतींचा कर जाऊन चौघांना. म्हणजे इथे देणाऱ्याचे थोडे उणे होते आणि म्हणूनच वेळा ठरवाव्या लागतात. आम्ही ठरवले की सात ते नऊ अभ्यास आधी, सिनेमे नंतर. मोठ्या फायली रात्री उतरवाव्या. विशेष म्हणजे हे ठरवण्यासाठी त्या मुलाचे आजोबा स्वतः आमच्या बाल्कांवात येऊन बसले. महिन्याचा वाटा देण्याचा त्यांनी आग्रह धरला; तो आम्ही घेतला नाही. "मग चवथीक माटोळयेची फळां आमगेलीं," असे सासूबाईंना सांगून ते उठले आणि सासूबाईंनी मान डोलावली. चवथीला माटोळीच्या मधोमध त्यांच्या कुळागरातला सुपारीचा घड टांगलेला होता.

गडगा आहे तिथेच आहे. त्याचा एक चिराही कोणी हलवलेला नाही आणि मेरेचा वाद मिटला असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. फरक पडला तो एवढाच की पाणी काढण्याच्या वेळा आता कोणी पाळत नाही.

मला वाटते, जी वस्तू दिल्याने आपले काहीच उणे होत नाही ती देणे हा शेजारधर्माचा पहिला धडा झाला. जी दिल्याने थोडे उणे होते ती मोजून, ठरवून आणि तरीही आनंदाने देणे, हा त्याचा पुढचा धडा. विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी ज्यांच्या घरी जोडणी आहे त्यांनी एकदा आपल्या खिडकीतून बाहेर पाहावे. लहर अंगणापर्यंत गेलेली असतेच. ती आणखी दहा पावले कशी जाईल, एवढेच शोधून काढायचे असते.